वाचकांचे प्रश्न : एका एलिझाबेथची अनेक नावे

मागील अंकात या सदरात ओघाने एक वाक्य येऊन गेले होते, की ‘इसाबेल’ आणि ‘एलिझाबेथ’ ही मुळात एकच नावे आहेत. त्या वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर याच नावाला देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : ‘एलिझाबेथ’ या नावाचा अर्थ काही ठिकाणी ‘देवाची शपथ’ असा, तर काही ठिकाणी ‘देव परिपूर्ण आहे’ असा दिलेला आढळतो. यांपैकी खरा कोणता? आणि मराठी बायबलमध्ये हे नाव कोठेच का सापडत नाही?

उत्तर : मूळ नाव हिब्रू भाषेतील ‘एलिशेवा’ हे आहे. जुन्या करारातील निर्गम या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अहरोनाच्या पत्नीचे नाव म्हणून ते येते. त्यातील ‘एली’ म्हणजे ‘माझा देव’, याविषयी दुमत नाही. मतभेद आहे तो उत्तरार्धाबद्दल, कारण हिब्रूमध्ये ‘सात’ आणि ‘शपथ’ हे दोन्ही शब्द सारख्याच तीन व्यंजनांपासून बनतात. सात ही पूर्णत्वाची संख्या मानली जात असल्याने ‘शेवा’ या भागातून परिपूर्णतेचा अर्थही निघतो आणि शपथेचाही. व्याकरणाच्या आधारे यांपैकी एकाला निर्णायक कौल देता येत नाही. नावांच्या कोशांत शपथेचा अर्थ अधिक आढळतो, पण अधिक ठिकाणी छापला जाणे म्हणजे अधिक खरे असणे नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक रंजक आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. ग्रीक भाषेत ‘श’ हा ध्वनी नव्हता आणि नावाच्या शेवटी असलेले हिब्रूतील कंठ्य व्यंजनही नव्हते. त्यामुळे ‘श’च्या जागी ‘स’ आला आणि नावाच्या शेवटी हिब्रूत नसलेला ‘थ’ किंवा ‘त’ जोडला जाऊन ‘एलिसाबेथ’ हे रूप तयार झाले. लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या आईचे नाव याच ग्रीक रूपात येते, आणि युरोपातील जवळजवळ सर्व रूपे या ग्रीक रूपाचीच अपत्ये आहेत. मराठी बायबलमध्ये मात्र योहानाच्या आईला ‘अलीशिबा’ म्हटले आहे. म्हणजे मराठी रूप ग्रीक उच्चाराला वळसा घालून थेट हिब्रू ध्वनीकडे गेलेले आहे. अलीशिबा वाचणाऱ्याला एलिझाबेथ ओळखू येत नाही ती त्यामुळे.

प्रश्न : ‘एलिझाबेथ’ आणि ‘इसाबेल’ यांत एकही अक्षर धडपणे जुळत नाही. ही दोन नावे एकच आहेत असे कशाच्या आधारावर म्हणता? हा केवळ भाषाशास्त्रज्ञांचा तर्क नाही ना?

उत्तर : तर्क आहेच, पण त्याच्या जोडीला राजघराण्यांची कागदपत्रेही आहेत आणि ती तर्कापेक्षा बोलकी आहेत. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याची मुलगी एलिझाबेथ (1545–1568) हिचा विवाह स्पेनच्या दुसऱ्या फिलिपशी झाला. फ्रान्समध्ये ती ‘एलिझाबेत द व्हाल्वा’ आणि स्पेनमध्ये ‘इसाबेल दे व्हाल्वा’ होती. तिने नाव बदलले असे कोणी म्हटले नाही. स्पॅनिश भाषेत त्या नावाचा उच्चारच तसा होता. पुढे पार्मा येथील एलिझाबेत्ता फार्नेझे (1692–1766) हीसुद्धा इटालियन नाव घेऊन आली आणि स्पेनची राणी ‘इसाबेल दे फार्नेसियो’ झाली. याच्या उलट दिशेचे उदाहरणही आहे. फ्रान्सचा सहावा चार्ल्स याची राणी जन्माने बव्हेरियाची एलिझाबेथ होती, पण इतिहासात ती ‘इझाबो’ या फ्रेंच रूपानेच ओळखली जाते.

आता ध्वनींकडे वळू. हे रूप मध्ययुगात दक्षिण फ्रान्स आणि आयबेरियन द्वीपकल्प (म्हणजे स्पेन व पोर्तुगाल) या पट्ट्यात घडले. तेथील भाषांत ‘एल’ हे नामापूर्वी लागणारे उपपद असल्याने नावाच्या आरंभीचा ‘एल’ लोकांना उपपदासारखा वाटून गळला असावा, असे सामान्यतः मानले जाते. उरलेल्या ‘इसाबेत’मधील अंत्य ‘त’ स्पॅनिश भाषेला रुचणारा नाही, कारण त्या भाषेतील मूळच्या शब्दांच्या शेवटी ‘त’ येत नाही. त्याच्या जागी ‘ल’ आला आणि ‘सुंदर’ या अर्थाच्या ‘बेल’, ‘बेला’ या शब्दांशी झालेल्या साम्याने तो तेथे पक्का झाला. या रूपाला ‘अपभ्रष्ट’ म्हणण्याची प्रथा जुन्या पुस्तकांत दिसते, ती सोडून द्यावी असे आम्हांस वाटते. ग्रीकांनी ‘एलिशेवा’चे जे केले, त्याहून अधिक स्वातंत्र्य स्पॅनिश लोकांनी काही घेतलेले नाही.

यातून एक व्यावहारिक घोटाळा मात्र होतो, आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. ब्रिटनची दुसरी एलिझाबेथ (1926–2022) हिला स्पॅनिश वृत्तपत्रे ‘दुसरी इसाबेल’ असेच म्हणत आली. परंतु स्पेनची स्वतःचीही एक दुसरी इसाबेल होती, जिने 1833 ते 1868 या काळात राज्य केले. स्पॅनिश मजकुरातून मराठीत भाषांतर करताना ही कोणती राणी, हे संदर्भ पाहूनच ठरवावे लागते.

आज फ्रेंच, इंग्रजी, इटालियन या भाषांत दोन्ही नावे स्वतंत्रपणे नांदतात आणि एकाच घरातील दोन बहिणींना ती दिली गेली तरी कोणाला वावगे वाटत नाही. मध्ययुगीन इंग्लंडमधील लॅटिन कागदपत्रांत मात्र एकाच स्त्रीचा उल्लेख कधी ‘एलिझाबेथ’ तर कधी ‘इसाबेला’ असा केलेला सापडतो.

प्रश्न : रशियन भाषेत ‘येलिझावेता’ असे ‘व’युक्त रूप आहे, तर पोलिश, जर्मन, इटालियन भाषांत ‘ब’ आहे. शेजारच्या भाषांत हा फरक कसा पडला?

उत्तर : आमच्या मते या संपूर्ण नावाच्या इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. प्राचीन ग्रीक भाषेत ‘बीटा’ या अक्षराचा उच्चार ‘ब’ होता. लॅटिन भाषेने हे नाव ‘ब’ या ध्वनीसह घेतले आणि रोमच्या चर्चबरोबर ते पश्चिम व मध्य युरोपभर ‘ब’सहच पसरले. दरम्यान ग्रीकांचा स्वतःचा उच्चार बदलत गेला आणि त्यांचा ‘ब’ हा ‘व’ झाला. नवव्या शतकात जेव्हा बायझंटाइन (म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या ग्रीकभाषक साम्राज्यातील) धर्मप्रचारकांमार्फत स्लाव्ह लोकांकडे ख्रिस्ती ग्रंथ आणि लिपी पोहोचली, तेव्हा ग्रीक लोक हे नाव ‘एलिसावेत’ असेच उच्चारत होते. रशियन, बल्गेरियन आदी भाषांच्या सिरिलिक लिपीतही याची खूण राहिली आहे. तिच्यात बीटासारखे दिसणारे अक्षर ‘व’ म्हणून वाचले जाते आणि ‘ब’साठी वेगळे अक्षर योजावे लागले.

त्यामुळे हे नाव ‘ब’ने उच्चारले जाते की ‘व’ने, यावरून त्या समाजाकडे ख्रिस्ती धर्म रोमकडून आला की कॉन्स्टॅन्टिनोपलकडून, हे बहुतेक वेळा सांगता येते. रशियन ‘येलिझावेता’, बेलारूसी ‘लिझावेता’, बल्गेरियन ‘एलिसावेता’, सर्बियन ‘येलिसावेता’ ही पूर्वेकडची रूपे आहेत. पोलिश ‘एल्झब्येता’, चेक ‘आल्झब्येता’, लिथुआनियन ‘एल्झबिएता’ ही पश्चिमेकडची. सर्बियन आणि क्रोएशियन लोकांची बोली परस्परांना सहज समजते, तरीही क्रोएशियन भाषेत ‘एलिझाबेता’ आणि सर्बियनमध्ये ‘येलिसावेता’. रुमानियन भाषा तर या सीमारेषेवरच बसली आहे. तिच्यात ‘एलिसाबेता’ हे लॅटिन वळणाचे रूप आहे आणि ‘एलिसाफ्ता’ हे ग्रीक परंपरेतून आलेले जुने रूपही आहे, ज्यात ‘त’च्या शेजारामुळे ‘व’चा ‘फ’ झाला. त्याचेच लघुरूप ‘साफ्ता’. हे नाव एकटे समोर आले तर त्याचे एलिझाबेथशी नाते आहे असे कोणी सांगू शकेल का, याची शंकाच आहे.

नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातील, लोकांनीही हे पूर्वेकडचे रूप उचललेले दिसते. कीव्हचा राजा यारोस्लाव्ह याची मुलगी येलिसावेता नॉर्वेच्या हाराल्ड हार्डराडा याची पत्नी झाली, आणि नॉर्स कथांत तिचे नाव ‘एल्लिसिफ’ असे येते.

प्रश्न : इंग्रजीत एक जुने कोडे आहे. एलिझाबेथ, एल्सपेथ, बेट्सी आणि बेस पक्ष्याचे घरटे शोधायला गेल्या. घरट्यात पाच अंडी होती. प्रत्येकीने एक घेतले आणि चार उरली. या चौघी एकच आहेत हे उत्तर माहीत आहे, परंतु एका नावाची इतकी लघुरूपे का व्हावीत? आणि ‘एलिझाबेथ’मधून ‘बेट्टी’ कशी निघते?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. ‘बेट्टी’तील ‘ट’ हा कोणाच्या बोबडेपणातून आलेला नाही, तो जुन्या उच्चाराचा अवशेष आहे. पूर्वी इंग्रजीत ग्रीक-लॅटिनमधून आलेल्या नावांतील ‘थ’ हा ‘ट’सारखाच उच्चारला जात असे. ‘अँथनी’चे ‘टोनी’, ‘कॅथरिन’चे ‘केट’, ‘नॅथॅनिएल’चे ‘नॅट’ ही लघुरूपे त्याच काळची साक्ष देतात. पुढे लेखनाकडे पाहून पूर्ण नावातील उच्चार ‘थ’ असा बदलला, पण घरात रुळलेले ‘बेट’, ‘बेट्टी’, ‘बेट्सी’ तसेच राहिले. ‘बेथ’ हे लघुरूप ‘थ’ उच्चारणाऱ्या पूर्ण नावातून निघालेले आहे.

आता इतकी लघुरूपे का, याचे उत्तर नावाच्या लांबीत आहे. चार अक्षरांचे हे नाव कोठेही तोडले तरी हाती काहीतरी चालण्यासारखे लागते. आरंभ घेतला तर ‘एली’, ‘एलायझा’, ‘एल्सा’. मधला भाग घेतला तर ‘लिझ’, ‘लिझी’, ‘लायझा’, ‘लिसा’. शेवट घेतला तर ‘बेथ’, ‘बेट्टी’, ‘बेस’, ‘बेसी’. आरंभीचा ‘ए’ आणि मधला ‘आ’ गाळला तर ‘लिझबेथ’ किंवा ‘लिस्बेथ’ होते. स्कॉटलंडमध्ये ‘एल्सपेथ’ झाले, त्याचे ‘एल्सी’ झाले, आणि आज एल्सी नावाच्या मुलीला आपले नाव एलिझाबेथपासून आले हे ठाऊक असेलच असे नाही. दोन अक्षरी नावाला ही चैन परवडत नाही. याशिवाय एक सामाजिक कारणही आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या (1533–1603) कारकिर्दीपासून हे नाव इंग्लंडमध्ये फार मोठ्या प्रमाणावर ठेवले जाऊ लागले. एकाच घरात आजी, आई, मुलगी आणि मावशी एलिझाबेथ असतील, तर हाक मारण्यासाठी चार वेगवेगळी रूपे लागणारच. खुद्द राणीलाही प्रजा ‘बेस’च म्हणे.

तिसरा प्रकार सर्वांत मजेदार आहे आणि तो केवळ इंग्रजीपुरता मर्यादित नाही. लहान मूल शब्दातील एक व्यंजन पकडून तेच पुन्हा उच्चारते, आणि ते रूप घरात कायम होते. दुसऱ्या एलिझाबेथला बालपणी स्वतःचे नाव नीट उच्चारता येत नसे, त्यातून ‘लिलिबेट’ झाले. येथे ‘ल’ दुहेरी झाला आहे. 2021 साली तिच्या एका पणतीचे अधिकृत नावच ‘लिलिबेट’ ठेवण्यात आले. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ (1837–1898) घरात ‘सिसी’ होती. येथे ‘स’ दुहेरी. हंगेरियनमध्ये ‘ब्योबे’ आणि फ्रेंचमध्ये ‘बाबेत’. येथे ‘ब’ दुहेरी. कोशकार सॅम्युएल जॉन्सन आपल्या पत्नीला, जिचे नाव एलिझाबेथ होते, ‘टेट्टी’ म्हणत; येथे ‘ट’ दुहेरी. भाषा वेगळ्या, काळ वेगळे, निवडलेले व्यंजन वेगळे, तरी घडण एकच.

स्पॅनिशमधील ‘इसाबेल’चे ‘चाबेला’ हे रूपही बालभाषेचीच देणगी आहे. लाडाच्या नावांत ‘स’चा ‘च’ करणे ही त्या भाषेची सवय आहे. स्पॅनिशमध्ये लिखित ‘ब’ आणि ‘व’ यांचा उच्चार एकच असल्याने ते ‘चावेला’ असेही लिहिले जाते. गायिका चावेला व्हार्गास (1919–2012) हिचे मूळ नाव इसाबेल होते.

प्रश्न : जर्मन शिकताना ‘लीस्खेन’ हे मुलीचे नाव नपुंसकलिंगी असल्याचे वाचले. मुलीचे नाव नपुंसकलिंगी कसे असू शकते?

उत्तर : लिंग नावाचे नाही, प्रत्ययाचे आहे. जर्मन भाषेत ‘-खेन’ आणि ‘-लाइन’ हे लघुत्वदर्शक प्रत्यय ज्या नामाला लागतात ते नाम व्याकरणाने नपुंसकलिंगी होते, मग मूळ शब्दाचे लिंग काहीही असो. ‘लीझं’ हे ‘एलिझाबेथ’चे लघुरूप स्त्रीलिंगी आहे, परंतु त्याचे ‘लीस्खेन’ होताच ते नपुंसकलिंगी बनते. डच भाषेतही ‘-ये’ हा प्रत्यय असेच करतो आणि ‘लीस’चे ‘लीस्ये’ होते. मराठीत आपण मुलगा असो वा मुलगी, ‘ते पोर’ म्हणतोच. तेव्हा याचे फार नवल वाटू नये.

या रूपाचा प्रवास मनुष्यांपुरता थांबलेला नाही. तेरड्याच्या कुळातील, पूर्व आफ्रिकेतून आलेली, न थकता फुलत राहणारी एक वनस्पती बागांत आणि कुंड्यांत लावतात. तिला जर्मन लोक ‘उद्योगी लीस्खेन’, डच लोक ‘उद्योगी लीस्ये’, स्वीडिश लोक ‘उद्योगी लिसा’, फिनिश लोक ‘उद्योगी लीसा’ आणि इंग्रज लोक ‘उद्योगी लिझी’ अशा अर्थाच्या नावांनी ओळखतात. प्रत्येक भाषेने शेजारणीकडून विशेषण घेतले, पण नावाचे लघुरूप स्वतःचेच वापरले. पूर्ण ‘एलिझाबेथ’ मात्र कोणीच वापरले नाही. झाडाला असे औपचारिक नाव शोभले नसते.

प्रश्न : हंगेरियन ‘एर्झेबेत’मध्ये ‘र’ कोठून आला? आणि चेक भाषेतील ‘आल्झब्येता’ व ‘एलिश्का’ ही एकच नावे आहेत का?

उत्तर : हंगेरियन रूपात ‘ल’चा ‘र’ झाला आहे आणि मधला ‘इ’ गळला आहे. ‘ल’ आणि ‘र’ यांची अदलाबदल जगातील असंख्य भाषांत होते, त्यामुळे त्यात विशेष गूढ नाही. या नावाच्या प्रसाराचे कारण मात्र हंगेरीतच आहे. हंगेरीची राजकन्या एलिझाबेथ (1207–1231) जर्मनीतील थुरिंगियाच्या लुडविगची पत्नी झाली, वैधव्यानंतर तिने रुग्णसेवेला वाहून घेतले आणि मारबुर्ग येथे वयाच्या चोविसाव्या वर्षी तिचे निधन झाले. चारच वर्षांनी, 1235 साली, तिला संतपद देण्यात आले. मध्य युरोपात हे नाव घरोघरी पोहोचले ते प्रामुख्याने तिच्यामुळे. तिच्याच नात्यातील, स्पेनमधील अरागॉनच्या एका राजकन्येला तिचे नाव ठेवण्यात आले, आणि ती पुढे पोर्तुगालची राणी व संत ‘इसाबेल’ (1271–1336) म्हणून प्रसिद्ध झाली. एकाच घराण्यात, एकीच्या स्मरणार्थ दुसरीला दिलेले हे नाव हंगेरीत ‘एर्झेबेत’ आणि पोर्तुगालमध्ये ‘इसाबेल’ आहे.

हंगेरियन लघुरूपे पाहिली तर ‘एर्झी’ आणि ‘एर्झिके’ सहज ओळखता येतात, ‘ब्योझी’ आणि ‘ब्योश्के’ ओळखायला थोडा विचार करावा लागतो, आणि ‘झोका’ ओळखण्यासाठी हंगेरियनच असावे लागते. बुडापेस्टमधील ‘एर्झेबेत’ पूल मात्र संत एलिझाबेथच्या नावाचा नसून वर उल्लेखिलेल्या सिसी या सम्राज्ञीच्या नावाचा आहे.

चेक रूपांविषयी : होय, मूळ एकच आहे. सम्राट चौथा चार्ल्स याच्या आईचे नाव (1292–1330) चेक इतिहासात ‘एलिश्का’ असेच लिहिले जाते, इतर भाषांत ती एलिझाबेथ असते. आज मात्र ही दोन स्वतंत्र नावे मानली जातात. चेक दिनदर्शिकेत प्रत्येक दिवस एखाद्या नावाचा असतो आणि या दोघींचे नामदिन वेगवेगळे आहेत : एलिश्काचा 5 ऑक्टोबरला आणि आल्झब्येताचा 19 नोव्हेंबरला.

प्रश्न : रशियन साहित्याच्या भाषांतरात एकच पात्र कधी ‘लिझा’, कधी ‘लिझोच्का’ तर कधी ‘लिझ्का’ असते. भाषांतरकाराने एकच रूप ठेवले तर काय बिघडेल?

उत्तर : बरेच बिघडेल. रशियनमध्ये ही रूपे केवळ सोयीची नाहीत, ती नातेसंबंधांची मोजपट्टी आहे. औपचारिक प्रसंगी ‘येलिझावेता’ आणि त्यापुढे वडिलांच्या नावावरून बनलेले नाव येते. ‘लिझा’ हे ओळखीच्या माणसांतील साधे रूप आहे, त्यात ना विशेष माया ना अनादर. ‘लिझोच्का’ आणि ‘लिझान्का’ यांत लाड आहे. ‘लिझ्का’ मात्र दुधारी आहे : मैत्रिणीने म्हटले तर सलगी, मालकाने म्हटले तर तुच्छता. ‘-का’ प्रत्ययाच्या या छटेला इतिहास आहे. झारकडे अर्ज करताना प्रजेने स्वतःचा उल्लेख अशा तोडलेल्या नावाने करावा, असा प्रघात होता. पीटर द ग्रेटने 1701च्या अखेरीस हुकूम काढून तो बंद केला आणि अर्जांत पूर्ण नाव लिहिणे आवश्यक केले. सम्राज्ञी येलिझावेता (1709–1762) ही त्याच पीटरची मुलगी.

म्हणून भाषांतरकाराने रूपे तशीच ठेवावीत आणि हवे तर आरंभी पात्रांच्या नावांची एक यादी द्यावी. ‘लिझ्का’च्या जागी ‘लिझा’ टाकले, तर बोलणाऱ्याचा सूरच पुसला जातो.

प्रश्न : युरोपाबाहेर या नावाचे काय झाले?

उत्तर : ज्या भाषांत व्यंजने थोडी आहेत तेथे त्याने मोठे रूपांतर सोसले. हवाई भाषेत ‘स’, ‘झ’, ‘ब’, ‘त’ यांपैकी काहीच नसल्याने ‘एलिकापेका’ झाले. न्यूझीलंडमधील माओरी भाषेत ‘ल’च्या जागी ‘र’, ‘स’च्या जागी ‘ह’ आणि ‘ब’च्या जागी ‘प’ येऊन ‘इरिहापेती’ झाले. दोन्ही रूपे प्रथम वाचताना परकी वाटतात, पण अक्षरे ओळीने लावून पाहिली तर एकही बदल नियमाबाहेरचा नाही. सामोअन भाषेत ‘ल’ आणि ‘स’ दोन्ही असल्याने ‘एलिसापेता’ इतक्यावरच भागले.

आर्मेनियन भाषेत ‘येघिसाबेत’ हे जुने रूप आहे, आणि त्याच्या जोडीला ‘इसाबेल’वरून आलेले ‘झाबेल’ हेही आहे. तेराव्या शतकात सिलिशियाच्या (आजच्या दक्षिण तुर्कस्तानातील) आर्मेनियन राज्याची राणी झाबेल होती. मल्याळममधील ‘एलियाम्मा’ आणि ‘अलेयाम्मा’ ही नावेही याच कुळातील आहेत. त्यांच्यामागे सुरियानी (सिरियाक भाषेत उपासना करणाऱ्या) चर्चची परंपरा आहे, आणि सुरियानी रूप ‘एलिश्बा’ हे ग्रीकपेक्षा मूळ हिब्रूच्या अधिक जवळचे आहे.

प्रश्न : ‘ॲलिस’, ‘मेलिसा’, ‘जेझबेल’ आणि ‘बेथनी’ ही नावे एलिझाबेथशी संबंधित आहेत का?

उत्तर : नाहीत. ‘ॲलिस’ हे ‘आडेलहाइड’ या जर्मानिक नावाचे जुन्या फ्रेंचमधून आलेले संक्षिप्त रूप आहे. ‘मेलिसा’ हा मधमाशीसाठीचा ग्रीक शब्द आहे. ‘जेझबेल’ ही बायबलमधील अहाब राजाची फिनिशियन राणी, तिच्या नावाचे ‘इसाबेल’शी असलेले साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. ‘बेथनी’ हे गावाचे नाव असून त्यातील ‘बेथ’ म्हणजे ‘घर’. ‘एलिझाबेथ’च्या शेवटी येणाऱ्या ‘बेथ’चा त्या शब्दाशी काहीही संबंध नाही. ‘एला’ हे नाव तेवढे दोन्हीकडचे आहे. ते मुळात स्वतंत्र जर्मानिक नाव असले, तरी एलिझाबेथचे लघुरूप म्हणूनही वापरले जाते. हेसची राजकन्या एलिझाबेथ (1864–1918), जी विवाहानंतर रशियात येलिझावेता फ्योदोरोव्हना झाली, तिला घरचे लोक ‘एला’च म्हणत.

प्रश्न : जुन्या चर्चच्या नोंदवह्यांत एका कुटुंबाचा शोध घेत आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘एलिसाबेथा’, विवाहाच्या नोंदीत ‘लिसेट’ आणि मृत्यूच्या नोंदीत ‘बेट्टी’ आहे. ही एकच स्त्री मानावी का?

उत्तर : नावांच्या दृष्टीने तसे मानण्यास हरकत नाही, परंतु केवळ नावांवरून तसे ठरवू नये. ‘एलिसाबेथा’ हे लॅटिन नोंदीतील रूप आहे. नोंद करणारा पाद्री लॅटिन लिहीत होता, म्हणून ते तसे आले. घरात तिला त्या नावाने कोणी हाक मारली असेल असे नाही. विवाहाच्या वेळी स्थानिक भाषेतील रूप आणि मृत्यूच्या वेळी शेजाऱ्यांनी सांगितलेले रोजच्या वापरातील रूप लिहिले जाणे हे अगदी स्वाभाविक आहे.

सावधगिरी दोन ठिकाणी बाळगावी. पहिली अशी, की काही लघुरूपे एकाहून अधिक नावांना चालतात. ‘बाबेत’ हे ‘एलिझाबेथ’चेही असते आणि ‘बार्बरा’चेही, ‘बेत्तीना’ हे ‘एलिझाबेत्ता’वरूनही येते आणि ‘बेनेदेत्ता’वरूनही, ‘लिली’, ‘एली’ यांचे तर मालक अनेक. तेव्हा लघुरूपावरून पूर्ण नावाकडे जाताना मध्ये दुसरा पुरावा लागतो. दुसरी अशी, की एखादे मूल दगावल्यानंतर पुढील मुलीला तेच नाव ठेवण्याची पद्धत युरोपात सर्रास होती. त्यामुळे एकाच आईबापांच्या दोन ‘एलिसाबेथा’ वहीत सापडल्या, तर पहिलीची मृत्यूची नोंद आधी शोधावी. आईवडिलांची नावे, बाप्तिस्म्याचे साक्षीदार, मृत्यूसमयी नोंदवलेले वय आणि पतीचे आडनाव या चार गोष्टी जुळल्या, तर ‘लिसेट’ आणि ‘बेट्टी’ यांना एकत्र आणण्यास हरकत नाही. वंशावळ लिहिताना तीनही रूपे नोंदींतील तारखांसह जशीच्या तशी उतरवून घ्यावीत आणि ठळक नाव म्हणून बाप्तिस्म्याचे रूप वापरावे. स्वतःच्या सोयीसाठी सगळीकडे ‘एलिझाबेथ’ लिहून टाकले, तर पुढच्या शोधकाला मूळ वहीत ती स्त्री सापडणार नाही.